पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही आणि विक्रेता म्हणतो चूक तुमचीच

ताई,

मी २२ वर्षांची आहे, ॲनिमेशन शिकते. तयार कॉम्प्युटर परवडेना, म्हणून सुटे भाग मागवून स्वतःच जोडायचं ठरवलं. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि पॉवर सप्लाय हे सगळं एकाच विक्रेत्याकडून घेतलं. त्याचं दुकान असं नाही, सवलतीत विकतो आणि कुरिअरनं पाठवतो. भाव सगळ्यांपेक्षा कमी होता. पार्सल चार दिवसांत आलं तेव्हा इतकी खूश झाले की लगेच त्याच्याबद्दल चांगला शेरासुद्धा लिहिला. कॅबिनेट दुसरीकडून मागवलं होतं, ते उशिरा आलं. सगळं जोडून होईपर्यंत १९ दिवस झाले. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, पण स्क्रीन काळीच. विक्रेत्यानं मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो त्या सॉकेटचा फोटो मागवला आणि मग कळवलं, "पिना वाकल्या आहेत, हे ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान आहे. परत करायची १४ दिवसांची मुदतही संपली आहे. फार तर १५ टक्के कापून घेऊ, पाठवण्याचा खर्च तुमचा." मला तर फोटोत काही नीट दिसतही नाही. आता आठवतंय, बोर्डाच्या पिशवीला साधी चिकटपट्टी लावलेली होती आणि केबलची पुडी फाटलेली होती. उत्साहात मी लक्ष दिलं नाही. उघडतानाचे फोटो मैत्रिणीला पाठवले होते तेवढेच. दादा म्हणतो, स्वस्ताच्या मागे लागलीस, आता भोग. माझंच चुकलं का? आणि बाकीच्या भागांवर विश्वास ठेवू का?

— एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

आधी एक काम कर. मैत्रिणीला पाठवलेले ते फोटो शोध आणि दोन ठिकाणी जपून ठेव. तू ते पत्रात जाता जाता सांगितलंस, पण तुझ्या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. पाठवल्याची तारीख आणि वेळ त्या संभाषणात नोंदलेली आहे, त्यामुळे फोटो नंतर काढले असं कुणी म्हणू शकणार नाही.

आता ती चिकटपट्टी आणि फाटलेली पुडी. नवा मदरबोर्ड चंदेरी किंवा राखाडी अँटिस्टॅटिक पिशवीत येतो आणि सोबतच्या केबल, स्क्रू वगैरे बंद पुड्यांत येतात. त्यातली पुडी आधीच फाटलेली आणि पिशवी साध्या पट्टीनं पुन्हा बंद केलेली, याचा अर्थ तो बोर्ड तुझ्याआधी कुणीतरी हाताळलाय, अशी दाट शक्यता आहे. एखाद्यानं परत केलेला माल न तपासता पुन्हा खोक्यात भरून पुढच्याला धाडायचा, हे सवलतीच्या धंद्यात घडतं. मी बरीच वर्षं कॉम्प्युटर जोडायचं आणि दुरुस्तीचं काम केलं, त्यात असे बोर्ड माझ्या हातात आलेत. बोर्डाच्या कोपऱ्यांवरची स्क्रूची भोकं बघ. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधीच्या एखाद्या फोटोत त्या भोकांभोवती स्क्रू आवळल्याचे गोल ओरखडे दिसत असतील, किंवा सॉकेटच्या कडेला थर्मल पेस्टचा, म्हणजे प्रोसेसरवर लावतात त्या लेपाचा ठिपका दिसत असेल, तर विक्रेत्याचा "ग्राहकाच्या हातून" हा दावा लंगडा पडतो.

पण फोटो हाती आले म्हणून भांडायला उठू नकोस. बोर्ड खरंच बिघडलाय का, हे अजून आपल्याला माहीत नाही. तुझ्या पत्रात मला एक गोष्ट खटकली. भागांच्या यादीत ग्राफिक कार्ड नाही. ते नंतर घ्यायचा विचार असेल तर प्रोसेसरचं पूर्ण नाव वाच. नावाच्या शेवटी "एफ" हे अक्षर असेल, मग तो इंटेलचा असो वा एएमडीचा, तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड लावल्याशिवाय त्याच्यावर डिस्प्ले कधीच येणार नाही, बोर्ड कितीही धडधाकट असला तरी. हे प्रोसेसर थोडे स्वस्त असतात आणि म्हणूनच सवलतीच्या यादीत वर दिसतात. कितीतरी चांगले बोर्ड निव्वळ या एका अक्षरापायी "डेड" म्हणून परत जातात.

नावात एफ नसेल तर पुढचं तपास. मोठ्या २४ पिनांच्या जोडणीशिवाय प्रोसेसरजवळ आठ पिनांची एक वेगळी जोडणी असते. ती राहून गेली तरी पंखे फिरतात, दिवे लागतात आणि स्क्रीन मात्र काळी राहते, अगदी तुझ्यासारखीच. रॅमची एकच पट्टी ठेव. ती प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत दोन्ही बाजूंनी नीट दाबून बसव. खाचेची खिटी सरकून बसल्याचा आवाज आला पाहिजे. रॅम डीडीआर५, म्हणजे नव्या पिढीची असेल तर पहिल्या वेळी बोर्ड तिच्याशी जुळवून घेण्यात काही मिनिटं घालवतो आणि तेवढा वेळ पडद्यावर काहीच येत नाही. घाबरून मधेच बंद करू नकोस, १५ मिनिटं थांब. प्रोसेसर बोर्डापेक्षा नव्या पिढीचा असेल तर जुनं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्रॅम, त्याला ओळखत नाही, तेही बोर्डाच्या कंपनीच्या यादीत बघून घे.

हे सगळं बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढून कर. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेव, अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, कारण त्या चंदेरी पिशवीतून वीज वाहू शकते. कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली, तो टेकवायचा एखादा पितळी खिळा (स्टँडऑफ) नको त्या जागी राहिला असेल तर तिथेच शॉर्ट होतं. बाहेर काढल्यावर मशीन सुरू झालं, तर दोष बोर्डाचा नव्हताच.

सॉकेट बघायचं ते सर्वांत शेवटी आणि सर्वांत सावकाश. विक्रेता सॉकेटमधल्या पिनांबद्दल बोलतोय, म्हणजे तुझा बोर्ड एलजीए जातीचा आहे, त्यात पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये नावाप्रमाणे १७०० संपर्क असतात, एएमडीच्या एएम५ मध्ये १७१८. केसासारख्या बारीक, सगळ्या एकाच दिशेला कललेल्या. वरून सरळ उजेड टाकला तर काही कळत नाही. टॉर्च अगदी तिरपा धर आणि बोर्ड हळूहळू फिरव. नीट असलेल्या पिनांच्या ओळी एकसारख्या चमकतात. वाकलेली एखादी असेल तर तिथे चमक तुटते. त्या जागेचा जवळून फोटो काढ आणि तारखेसह ठेव. सुई किंवा चिमटा घेऊन पिन सरळ करायचा मोह मात्र आवर. वाद मिटेपर्यंत बोर्ड आहे तसा राहू दे, नाहीतर विक्रेत्याचं म्हणणं तूच खरं करून देशील. मी स्वतः एकदा दुसऱ्याच्या बोर्डाची पिन सरळ करताना मोडली आहे. ती आवाजही न होता तुटते.

मी तुझी बाजू घेतेय, पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पहिल्यांदा प्रोसेसर बसवताना पिना वाकतात. प्रोसेसर निसटतो, किंवा तिरका टेकतो, आणि ज्याच्या हातून झालं त्याला कळतसुद्धा नाही. बसवताना असं काही झालं होतं का, हे मनाशी नीट आठवून बघ. झालं असेल तर विक्रेत्याशी खोटं बोलू नकोस. अशा बोर्डाच्या पिना बदलून देणारे कारागीर असतात, तो मार्ग मोकळा आहे.

झालं नसेल, तर विक्रेत्याला लिही. फोनवर बोलू नकोस, लिही. ऑर्डरचा नंबर, बोर्डाचा सिरीयल नंबर, पार्सल मिळाल्याची तारीख, पिशवी आणि पुडी कशा अवस्थेत आल्या त्याचे फोटो, आणि शेवटी एकच मागणी: बदली बोर्ड किंवा पूर्ण पैसे, अमुक तारखेपर्यंत. रागाचं एकही वाक्य घालू नकोस. तुझं पत्र उद्या बँकेतला एखादा कर्मचारी वाचणार आहे असं धरून लिही, कारण तसं होऊ शकतं. १४ दिवसांची मुदत हा त्यांचा मुद्दा तसाच मान्य करू नकोस. मन बदललं म्हणून माल परत करायची मुदत वेगळी आणि सदोष माल पाठवल्याची जबाबदारी वेगळी. बहुतेक ठिकाणी ग्राहक कायदा या दोन गोष्टी निराळ्या मानतो. १५ टक्के कापायचंही तेच. ती कपात चांगला माल परत करणाऱ्यासाठी असते. सदोष माल पाठवणाऱ्यानं ती ग्राहकाकडून का घ्यावी, असं सरळ विचार.

उत्तर आलं नाही किंवा टाळाटाळ झाली, आणि पैसे तू कार्डानं भरलेले असतील, तर बँकेकडे चार्जबॅक माग, म्हणजे विक्रेत्याकडून पैसे परत मिळवून द्या अशी तक्रार कर. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक तक्रारींना साधारण १२० दिवस मिळतात, पण बँकेची स्वतःची मुदत त्याहून कमी असू शकते, म्हणून आजच विचारून ठेव. बोर्ड परत पाठवायची वेळ आलीच तर विक्रेत्याकडून परतीचा नंबर लेखी घे, सॉकेटवर प्लॅस्टिकचं झाकण लाव, भरतानाचा व्हिडिओ काढ आणि कुरिअरच्या पावतीवर वजन लिहून घे. खोकं रिकामं आलं किंवा आत दुसराच बोर्ड होता, असं उत्तर मिळालेले ग्राहक मी पाहिले आहेत. पावतीवरचं वजन आणि व्हिडिओत दिसणारा सिरीयल नंबर त्यांच्या कामी आला.

आता दादाचं बोलणं. ते तुला जास्त लागलंय हे पत्रात दिसतं. भाव कमी असण्याला चांगली कारणंही असतात. खोक्याशिवाय ट्रेमधून आलेला प्रोसेसर, मागच्या पिढीचा उरलेला साठा, मोठ्या कंपनीनं ठोक घेऊन न वापरलेल्या डिस्क, कारखान्यात दुरुस्त होऊन आलेला माल. विक्रेता हे स्पष्ट लिहीत असेल तर त्यात फसवणूक काही नाही. पण भाव आणखी एका जागी वाचवला जातो आणि ती जागा यादीत दिसत नाही: तक्रारी बघणारी माणसं. आलेला माल तपासायला कुणी नाही, पत्राला उत्तर द्यायला कुणी नाही. त्या वाचलेल्या पगारातूनच तुला सूट मिळालेली असते. सगळं सुरळीत असेल तोवर हे जाणवत नाही.

आणि दादाला हेही सांग की महाग घेतल्यानं माणूस वाचतोच असं नाही. २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या वापरलेल्या हार्ड डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघडकीला आलं. त्यातल्या काही नावाजलेल्या दुकानांतून घेतलेल्या होत्या. डिस्क किती तास चालली याची स्मार्ट नावाची नोंद पुसून शून्यावर आणली होती. पण या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंद असते, ती तशीच राहिली होती, आणि तिच्यात हजारो तासांचा वापर सापडला. त्याआधी २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या विक्रेत्याच्या ग्राहकांना कोर आय७-९२० च्या खोक्यात नकली प्रोसेसर मिळाला होता, पंख्याच्या जागी प्लॅस्टिकचा तुकडा आणि त्यावर पंख्याचं चित्र. पुरवठादाराकडूनच तो माल तसा आला होता. विक्रेत्यानं चूक कबूल करून ग्राहकांना खरे प्रोसेसर पाठवले. मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. वाईट माल कुणाच्याही हातून जाऊ शकतो. विक्रेता कसा आहे ते त्यानंतरच्या आठवड्यात कळतं.

म्हणून पुढच्या वेळी ग्राहकांचे अनुभव वाचशील तेव्हा वेगळ्या नजरेनं वाच. तू स्वतः पार्सल आलं त्याच दिवशी चांगला शेरा लिहिलास. तो खोटा नव्हता, पण तो कुरिअरबद्दल होता, मालाबद्दल नव्हता. बहुतेक चांगले शेरे असेच असतात: लवकर आलं, पॅकिंग छान होतं. ते सोडून दे. ज्यांचा माल बिघडला त्यांचं पुढे काय झालं तेवढं शोध. पैसे परत मिळाले का, किती दिवसांत, परतीचा खर्च कुणी केला, सगळ्यांना एकच छापील उत्तर मिळालं का. "पिना वाकल्या, तुमची चूक" हेच वाक्य पाच निरनिराळ्या लोकांना आलेलं दिसलं, तर ते उत्तर माल बघून दिलेलं नाही. उलट एखादा माणूस लिहीत असेल की रॅम खराब निघाली, पण आठवड्यात दुसरी आली, तर त्या एका तक्रारीवर मी विक्रेत्यावर विश्वास ठेवीन. काही तक्रारी मात्र बाजूला ठेवाव्या लागतात. एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते म्हणून फसवलं, असं लिहिणारे पुष्कळ असतात. कंपनी टीबी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक. रॅम ६००० ची घेतली आणि ४८०० वर चालते, ही तक्रारही तशीच. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो ही रॅमच्या वेगाची सोय चालू केली की ती वर जाते.

तुझा चांगला शेरा आता बदल. शिवीगाळ नको. काय आलं, कधी कळवलं, काय उत्तर मिळालं, एवढंच. तुझ्यासारखीच कुणी तरी तो वाचून पैसे भरणार आहे.

बाकीच्या भागांवर विश्वास ठेवू का, असं विचारलंस. तपासून ठेव. मशीन सुरू झालं की रॅमवर मेमटेस्ट८६ हा तपासणीचा प्रोग्रॅम रात्रभर चालू दे. एकही चूक दाखवली तर ती पट्टी परत. एसएसडी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये बघ. नव्या डिस्कवर चालू तास जवळपास शून्य असायला हवेत. शेकडो दिसले तर ती नवी नाही. मग एचटूटेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमनं ती पूर्ण भरून वाचून बघ. नकली डिस्कचा कंट्रोलर खोटी क्षमता सांगतो, आणि खरी जागा संपली की पुढे लिहिलेलं सगळं हरवतं. फाइल कॉपी होताना काहीच चूक दिसत नाही, कळतं ते महिन्यांनी, फाइल उघडायला गेल्यावर. तुझं ॲनिमेशनचं काम त्या डिस्कवर जाणार आहे, म्हणून हे टाळू नकोस. डिस्कचा सिरीयल नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावरही टाकून बघ. ठोक मालातल्या डिस्कला कंपनी ग्राहकाची वॉरंटी देत नाही, मग खात्री फक्त विक्रेत्याची उरते, आणि तुझा विक्रेता कसा आहे ते तू बघतेच आहेस.

मला खरी काळजी पॉवर सप्लायची आहे. बाकी भाग खराब निघाला तर तो एकटा जातो, हा जाताना शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. खोक्यावरचा मोठा वॅटचा आकडा सोड, बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघ आणि १२ नं गुण. ३० अँपिअर असतील तर ते ३६० वॅट झाले, खोक्यावर ६०० छापलेले असले तरी. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टवरून घेतात. ८० प्लसची खूण असेल तर चांगलं, पण ती खूण वीज किती वाया जाते एवढंच सांगते, शॉर्ट झाल्यावर तो सप्लाय वेळेवर बंद पडेल का हे सांगत नाही. गुणाकार करून आकडा खोक्यापेक्षा खूपच कमी आला, तर तो वापरू नकोस, आणि उघडूनही बघू नकोस, आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. मी सवलतीच्या विक्रेत्याकडून कॅबिनेट घेते, केबल घेते, पंखे घेते, रॅमसुद्धा घेते, कारण ती एका रात्रीत तपासता येते आणि नामांकित कंपन्या तिला बहुधा आजीवन वॉरंटी देतात. पॉवर सप्लाय घेत नाही, आणि मदरबोर्ड तर आता मुळीच नाही.

ते १९ दिवस. तुझ्याकडून झालेली खरी चूक एवढीच, आणि ती जवळपास प्रत्येक जण पहिल्या खेपेला करतो. भाग वेगवेगळ्या दिवशी येतात, शेवटचा येईपर्यंत पहिल्याची मुदत संपते. कॅबिनेटची वाट बघायची गरज नव्हती. पुठ्ठ्याच्या खोक्यावर बोर्ड ठेवून त्याच संध्याकाळी तपासता आला असता. पुढे ग्राफिक कार्ड घेशील तेव्हा ते आल्या दिवशीच लाव आणि जीपीयू-झेडमध्ये बघ. जुन्या कार्डाचं बायोस बदलून त्याला नव्याचं नाव दिलेली बनावट कार्डं विकली जातात, आणि ओळखता आली तर तो प्रोग्रॅम नावाआधी तसं लिहून दाखवतो.

पण हे पुढचं. आज आधी प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर वाच. एफ नसेल तर बाकीचं सगळं तपास, आणि शेवटी रात्री तिरपा टॉर्च धरून सॉकेट बघ, फोटो काढ आणि विक्रेत्याचं पत्र लिहून ठेव. पाठवण्याआधी मला दाखवायचं असेल तर दाखव, मी वाचून देते.

तुझी,
ताई